जो मागं, त्याच्या बाजूचे आप्पा

आप्पांच्या दशक्रियेला नदीच्या घाटावर माझ्या हातात माइक आला आणि मी खणखणीत आवाजात म्हणालो, "आजच्या या मंगल प्रसंगी उपस्थित असलेल्या..."

पुढचे 'मान्यवर' घशातच राहिले. समोर सगळा गाव बसलेला, शेजारी भटजी पिंडांची मांडामांड करतायत, आणि मी मंगल प्रसंगाचं स्वागत करतोय. दोष कुणाला देणार? शहापुरात माझा मंडप-डेकोरेशनचा धंदा आहे. लग्नसराईत मंडपाबरोबर सूत्रसंचालनही मीच करतो, वेगळे पैसे न घेता, म्हणून लोक सहनही करतात. इतक्या वर्षांत माइक हातात आला की तोंड आपोआप त्याच वळणावर जातं. आणि त्या दिवशीचा माइकही माझाच, स्पीकरही माझाच, त्यामुळे आवाज पलीकडच्या काठापर्यंत स्पष्ट गेला. मागून कुणीतरी खोकलं. पुढं बसलेली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "बरोबर बोलला गो जावय. सुटला नाय का बिचारा." माझा मेव्हणा महेश, नुकतंच मुंडण केलेला, खाली मान घालून बसला होता. त्याचे खांदे हलायला लागले. लोकांना वाटलं, पोराला भरून आलं. मला माहीत आहे, तो हसत होता. बायकांच्या घोळक्यातून माझ्या बायकोनं, म्हणजे आप्पांच्या लेकीनं, वैशालीनं, माझ्याकडं फक्त एकदा बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला तेवढं पुरतं.

मी कसंबसं "ईश्वर मृतात्म्यास शांती देवो" म्हणून माइक पुढच्याच्या हातात दिला. पुढचे बरेच होते. आमच्याकडं दशक्रियेला भाषणं होतात आणि ती लवकर संपत नाहीत. कुणी आप्पांना समाजाचा आधारवड केलं, कुणी मार्गदर्शक केलं, एक तरुण नेता तर चुकून त्यांना माजी सरपंच म्हणून गेला. ऊन चढत गेलं. माणसं उपरण्यानं वारा घेत होती. मला वाटत होतं, आज इथं एकच माणूस मनापासून रमला असता... आप्पा. लांबलेली कुठलीही गोष्ट त्यांना आवडायची.

आता त्याला महिना होऊन गेला. घाटावर जे सांगायला हवं होतं ते माझ्याकडून राहिलं, ते इथं सांगतो. आप्पांना टेनिस आवडायचं. मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या अलीकडं, भातशेती करणाऱ्या घरातल्या माणसाला टेनिस आवडायचं हे ऐकून लोक आधी हसतात, मग "कुठं खेळायचे?" असं विचारतात. खेळायचे कुठंच नाहीत. उभ्या आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही. नोकरीची सगळी वर्षं ते भातसानगरला, मुंबईला पाणी पुरवणाऱ्या धरणाच्या कॉलनीत स्टोअरकीपर होते. कॉलनीतल्या करमणुकीच्या खोलीत एक टीव्ही होता. एका रविवारी तिथं कुणी साहेब टेनिसची मॅच लावून गेले, पत्ते खेळायला आलेले आप्पा उभ्या उभ्या बघायला लागले, मग टेकले, आणि मॅच संपेपर्यंत उठले नाहीत. घरी जेवण गार झालं. "कुठं होतात?" असं सासूबाईंनी विचारलं तर म्हणाले, "दोन माणसं भांडत होती. सोडवायला कुणी नव्हतं, मग बसून राहिलो."

बरं, खेळ कळायचा म्हणावं तर तसंही नाही. टेनिसचे गुण पंधरा, तीस, चाळीस असे चढतात, याचा त्यांना शेवटपर्यंत राग होता. "पंधरा, तीस, मग पंचेचाळीस का नाय? मधले पाच कुणी खाल्ले?" असं ते अस्सल स्टोअरकीपरच्या संशयानं विचारायचे. खेळाडूंची नावं त्यांना लागत नसत. 'टोपीवाला', 'उंच', 'रडका', 'तो सारखी चड्डी ओढतो तो', अशी त्यांची यादी. त्यांना रस एकाच गोष्टीत. मॅच लांबली पाहिजे. सरळ तीन सेटमध्ये कुणी जिंकला की आप्पांचा चेहरा पंगतीत भात संपल्यासारखा व्हायचा. त्यामुळं ते कुणाच्या बाजूनं आहेत हे कळायची सोय नव्हती. एकदा मी विचारलंही. म्हणाले, "जो मागं, त्याच्या बाजूनं." मागचा पुढं गेला की आप्पा निमूट बाजू बदलत. असा निष्ठेनं पक्षांतर करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि आमच्या तालुक्यात पक्षांतर करणारे काही कमी नाहीत.

मी त्यांचा जावई झालो तोही टेनिसमुळंच. जानेवारीतला रविवार होता. माझे आईवडील, काका आणि मी, असे मुलगी बघायला गेलो. चारची वेळ ठरलेली. ओटीवर पाऊल टाकलं तर समोर टीव्ही चालू, ऑस्ट्रेलियातली अंतिम मॅच लागलेली, आणि मुलीचा बाप खुर्चीच्या कडेला पुढं झुकून बसलेला. त्यांनी उठून नमस्कार केला, पाणी मागवलं, आम्हाला बसवलं आणि म्हणाले, "हा एवढा सेट होऊ दे, मग बोलू निवांत." पोहे आले. सेट झाला नाही. चहा आला. सेट झाला, पण दुसरा सुरू झाला. माझे काका बोलणी करण्यात पटाईत, त्यांनी दोनदा घसा साफ करून "मग, मुलीचं शिक्षण...?" अशी सुरुवात केली. दोन्ही वेळा आप्पांनी हात वर केला, बस थांबवतात तसा. भजी आली. आणि नेमका मी त्या खुर्चीत बसल्यापासून, मागं पडलेला खेळाडू सावरायला लागला. आप्पांच्या ते लक्षात आलं. माझ्याकडं वळून बघत ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "तुमी हलू नका."

झालं. मी हललो नाही. दोन ग्लास पाणी, तीन कप चहा पोटात, आणि मी त्या खुर्चीत बसून. मुलगा-मुलगीनं दोन शब्द बोलावेत म्हणून दोघांना बाहेर पाठवायची पद्धत असते. मला उठायची परवानगी नव्हती, मग वैशालीच रिकाम्या बशा उचलायच्या निमित्तानं खुर्चीमागं येऊन उभी राहिली. मी मनात जुळवलेली वाक्यं आठवत होतो. आवडीनिवडी, स्वभाव, पुढं शिकायचं का वगैरे. ती वाकली आणि हळूच म्हणाली, "मागच्या दारानं जा. डावीकडं आहे. मी बसते इथं." मी गेलो. परत आलो तर ती खुर्चीत बसलेली, आप्पांना पत्ताच नाही, मागचा खेळाडू सेट ओढून पुढं. माझं लग्न त्या क्षणी ठरलं, निदान माझ्या बाजूनं.

मॅच संपली तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. पाऊणशे घास खाऊनही आमचं काहीच ठरलं नव्हतं. बक्षीस समारंभात ते दोघे खेळाडू इतके थकलेले, की त्यांना उभं राहवेना, जाळीला टेकून वाकून उभे. मग कुणीतरी दोन खुर्च्या आणून दिल्या. आप्पांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "बघितलंत? दोघांना दिल्या. जिंकला त्याला पण, हरला त्याला पण." मग टीव्ही बंद करून आमच्याकडं वळले, "हां, बोला आता." काका वैतागून म्हणाले, "आता काय बोलायचं? जेवणच वाढा." आम्ही जेवलो, आणि जेवताना ताटावरच सगळं ठरलं. मला पसंत करण्याचं कारण आप्पांनी पुढं गावभर एका शब्दात सांगितलं. "टिकाऊ हाय." दुसऱ्या पोरींचे बाप पगार बघतात, जमीन बघतात. मला माझ्या बैठकीवर मुलगी मिळाली. मागच्या दाराची गोष्ट मी आणि वैशालीनं त्यांना कधीच सांगितली नाही.

पण आप्पांची खरी ठेव ही नव्हे. त्यांची ठेव म्हणजे आमच्या लग्नाच्या आधीची ती मॅच, जी तीन दिवस चालली. विंबल्डनची, तीही अगदी पहिल्या फेरीतली, ज्यांची नावं दुसऱ्या दिवशी कुणी विचारली नसती अशा दोघांची. पहिल्या दिवशी अंधार पडला म्हणून थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झाली ती पुन्हा अंधार पडेपर्यंत, आणि तो सगळा वेळ एकच सेट. आप्पांकडची वीज दुसऱ्या संध्याकाळी गेली. त्यांनी सायकल काढली आणि सरळगावच्या नाक्यावरचं हॉटेल गाठलं, तिथं जनरेटर होता. हॉटेलवाला म्हणाला, "आप्पा, कालचीच?" आप्पा म्हणाले, "कालचीच." त्यांचं बघून दोन एस्टीवाले बसले, भाताचा एक व्यापारी बसला. पडद्यावरचा आकडा बघून व्यापारी विचारायला लागला, "ही कबड्डी काय हो?" मग मैदानावरचा गुणफलकच बंद पडला. सत्तेचाळीस-सत्तेचाळीसला. त्याच्या पुढचा आकडा दाखवायची त्याची तयारीच नव्हती. आप्पा ही गोष्ट सांगताना इथं हमखास थांबायचे, सुपारीचं खांड तोंडात टाकायचे आणि म्हणायचे, "बोर्ड बनवणाऱ्याला वाटलं, माणूस याच्या पुढं जाणारच नाय." तिसऱ्या दिवशी सत्तर-अडुसष्टला मॅच संपली तेव्हा नाक्यावरच्या हॉटेलात टाळ्या वाजल्या. ज्याच्यासाठी वाजल्या त्याचं नाव तिथं एकालाही माहीत नव्हतं.

ही गोष्ट मी दर दिवाळीला, दर गौरी-गणपतीला, आणि आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मदत म्हणून गेलो की बांधावर बसून ऐकली. (मदत म्हणजे, मी बांधावर बसायचो. एकदा चिखलात उतरलो होतो, तर मला बाहेर काढण्यात बायकांची अर्धी रांग खोळंबली. त्यानंतर आप्पांनीच मला चहा आणायच्या कामावर नेमलं.) वैशाली तर लहानपणापासून आप्पांचं टेनिस ऐकत आलेली. अभ्यास अर्धा सोडून उठली, की आप्पांचं ठरलेलं वाक्य यायचं, "सुरू केलेली मॅच मधे सोडायची नाय गो." तिनं नोकरी करत करत बीएड केलं ते याच वाक्याच्या जोरावर, असं ती सांगते. हे वाक्य पुढं त्यांच्याच अंगावर येईल, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

मधे एकदा मीच त्यांना वाईट बातमी दिली. मोठ्या स्पर्धांनी नियम बदलला होता. शेवटच्या सेटला सहा-सहा झाले की आता दहा गुणांचा टायब्रेक, म्हणजे आधी दहा गुण करेल, दोनाच्या फरकानं, तो जिंकला. सत्तरपर्यंत जाणं बंद. मी मोबाइलवरून हे वाचून दाखवलं आणि आप्पा माझ्यावरच भडकले, जणू ठराव मी मांडला होता. "कुणाला घाई झाली? बघणाऱ्याला नाय, खेळणाऱ्याला नाय. मग भाताला पण नियम करा, अमक्या दिवसात पिकलाच पाहिजे! बाळंतिणीला करा!" पुढचे कितीतरी दिवस ते रागानं टेनिस लावेनात. शेवटी कुणीतरी पाच सेट ओढल्याचं पेपरात वाचलं, तेव्हा हळूच पुन्हा बसायला लागले.

मग दीड वर्षामागं त्यांच्या किडन्यांनी हात टेकले. सासूबाई आधीच गेलेल्या. महेशला शेत आणि गुरं सोडून हलता येईना. वैशाली त्यांना सरळ आमच्या घरी शहापूरला घेऊन आली. इथून एक दिवसाआड कल्याणला डायलिसिस. मशीनवर चार-चार तास, जाणं-येणं वेगळं. गाडी माझीच, मंडपाच्या सामानाची. कित्येकदा मागं प्लास्टिकच्या फुलांच्या माळा भरलेल्या असायच्या आणि पुढं आप्पा. म्हणायचे, "जावय, मला आधीपासूनच फुलांत बसवलात." सगळ्यात मोठा जाच पाण्याचा होता. किडनी पाणी बाहेर टाकत नाही, म्हणून आत घालायचंच मोजून. वैशाली रोज सकाळी एक छोटी बाटली भरून त्यांच्या उशाशी ठेवायची. दिवसभराचं पाणी तेवढंच, चहासुद्धा त्यातूनच वजा. पहिल्या दिवशी आप्पांनी ती बाटली उजेडात धरून बघितली. "जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणी प्यायची नाय," म्हणाले. "डॉक्टरनं बरी सोय केली." आणि मग थोड्या वेळानं, "अख्ख्या मुंबईला पाजलं रे आमी..."

वैशालीचं वेळापत्रक घड्याळाला लाजवणारं होतं. पहाटे उठून त्यांचं बिनमिठाचं, डाळी वगळून जेवण, मग शाळा, शाळेतून फोन, "बाटलीत किती राहिलंय?" मी एकदा दया येऊन त्यांना चोरून अर्धा कप जास्त चहा दिला. संध्याकाळी तिनं त्यांच्या पायाची सूज अंगठ्यानं दाबून बघितली आणि म्हणाली, "अहो, किती दिलात?" पोलीस खात्यात जायला हवी होती.

असं वर्ष सरलं. मग आप्पा खंगत गेले. मशीनवरून उठले की दोन माणसांनी धरावं लागे. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले. चालू ठेवलं तर काही महिने मिळतील, ते असेच असतील. थांबवलं तर थोडे दिवस, पण त्रास होऊ नये म्हणून औषधं देता येतील. दोन्ही बाजू त्यांनी नीट समजावल्या आणि निर्णय आमच्यावर सोडला. वैशालीनं लगेच पुढची तारीख घेतली. परत येताना, ती मागच्या सीटवर डोळा लागून पडलेली, तेव्हा आप्पा माझ्या बाजूला झुकले आणि म्हणाले, "जावय, वैशूला तुमी सांगा. मला बास झालं आता."

मी "हो" म्हणालो. मला वाटतं माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठीण 'हो' तो. तीन तास माइकवर बोलू शकणाऱ्या माणसाला स्वयंपाकघराच्या दारात एक वाक्य जमेना. आप्पा रोज डोळ्यांनी विचारायचे, बोललात का? मी मान हलवायचो, मुहूर्त बघतोय. शेवटी एकदा बोललो. ती कणीक मळत होती, हात थांबले नाहीत. "त्यांच्या नादाला तुम्ही लागू नका. सुरू केलेली मॅच मधे सोडायची नाय, हे कोण बोलायचं? तेच ना? मग आता?" आणि कणकेला असा एक गुद्दा घातला, की मी पुढचं वाक्य गिळून हॉलमध्ये येऊन बसलो. आप्पांनी सगळं ऐकलं होतं. हातानं खूण करून मला जवळ बसवलं. मग म्हणाले, "माझंच शिकवणं हाय. तिला काय बोलणार?"

महेशशी मी फोनवर बोललो. तो म्हणाला, "दाजी, आप्पा बोलतील तसं. पण ताईनं केलंय सगळं. ती हो बोलल्याशिवाय मी तोंड उघडणार नाय." म्हणजे सगळं येऊन थांबलं ते तिच्या एका शब्दावर. आणि तो शब्द तिच्याकडून यावा, असं आप्पांना वाटत होतं. तिला डावलून, तिला चोरून जायचं नव्हतं त्यांना.

असाच जानेवारी आला. ऑस्ट्रेलियाची स्पर्धा सुरू झाली. त्या दिवशी दवाखान्याची पाळी नव्हती. हॉलमध्ये आप्पांची खाट, खाटेशेजारी मी, खाली चटईवर वैशाली भिजवलेले वाल सोलत बसलेली. मॅच पाचव्या सेटपर्यंत लांबली. आप्पा उशांना टेकून बघत होते. पूर्वीसारखे पुढं झुकत नव्हते, पण डोळे पडद्यावरून हलत नव्हते. मी विचारलं, "आप्पा, कुणाच्या बाजूनं?" त्यांनी पडद्यावरच्या आकड्याकडं बोट केलं. सहा-सहा झाले. दहाचा टायब्रेक सुरू झाला. मला वाटलं, आता शिव्या सुरू होतील. आप्पा म्हणाले, "हा नियम केला तो बरा केला."

मी चमकलो. "आप्पा, तुम्हीच तर किती बोलला होतात."

"बोललो. तेव्हा मी बघणारा होतो." दम घेतला. "बघणारा बोलतो, चालू दे, चालू दे. त्याचं काय जातंय? पण खेळणाऱ्याला... कुठंतरी संपायला पाहिजे ना हो."

मी टीव्हीकडंच बघत राहिलो. दुसरीकडं कुठं बघायची माझी छाती नव्हती. कोपऱ्यातून वाल सोलल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. वैशाली उठली, पदराला हात पुसत आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. मी उठू की नको असा घोळ घालत होतो तोवर ती आली. हातात माठातल्या पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या. येताना हिंदकळत होता, लादीवर थेंब पडत होते. बिनमिठाच्या जेवणात मीठ चुकून चिमूटभर पडलं तरी ताट बदलणारी माझी बायको, ती तो तांब्या घेऊन बापापुढं उभी राहिली.

आप्पांनी तांब्याकडं बघितलं. मग तिच्याकडं. "सगळं?"

"सगळं."

आम्ही दोघांनी त्यांना धरून सरळ बसवलं. त्यांनी मान मागं केली आणि गावाकडच्या माणसासारखं वरून, तोंड न लावता पाणी ओतून घेतलं. अर्धं पाणी हनुवटीवरून बनियनवर गेलं. ती टिपायला गेली नाही. तांब्या खाली ठेवून आप्पांनी श्वास सोडला, आणि तो श्वास सोडण्याचा आवाज मी अजून ऐकतो. तिच्या डोक्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "गार हाय गो." एवढंच. ती मॅच कोण जिंकला हे मला आजही सांगता येणार नाही. संध्याकाळी वैशालीनं स्वतः डॉक्टरांना फोन केला, मग महेशला. दुसऱ्या दिवशी आम्ही आप्पांना त्यांच्या गावच्या घरी घेऊन निघालो. त्या वेळी गाडीत फुलं नव्हती. मी मुद्दाम आदल्या दिवशीच उतरवून ठेवली होती. आप्पांनी मागं वळून बघितलं आणि म्हणाले, "आज रिकामीच?"

पुढचे दिवस, खरं सांगतो, घरात लग्नघर असावं तसे गेले. आप्पांना हवं ते मिळत होतं. वालाचं बिरडं, सुकट, नाचणीची भाकरी, शहाळं. दोन-दोन घासच जायचे, पण चव घेऊन. दम लागला की औषध दिलं जायचं, मग डोळा लागायचा. माणसं भेटायला यायची, नाक्यावरचा तो हॉटेलवाला आता म्हातारा झालाय, तोही आला. दोघांनी मिळून ती तीन दिवसांची मॅच पुन्हा एकदा खेळून काढली. सत्तेचाळीसला बोर्ड बंद पडला त्या ठिकाणी आप्पा सवयीनं थांबले, पण पुढचं वाक्य हॉटेलवाल्यानं म्हटलं. एका सकाळी चूळ भरून, महेशला "गुरं सोडलीस का?" असं विचारून आप्पा आडवे झाले, वैशालीनं पांघरूण नीट केलं, आणि पुन्हा बघितलं तेव्हा ते गेलेले होते. झटापट नाही, काही नाही.

परवा रविवारी आम्ही दोघं आमच्या हॉलमध्ये बसलो होतो. खाट अजून तिथंच आहे. काढायची काढायची म्हणतो, पण कुणी हात लावत नाही. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या तिच्यावर पडतात, एवढाच तिचा उपयोग. टीव्हीवर कुठलीशी मॅच लागली होती, मी आवाज बंद करून बघत होतो. आप्पा नसताना टेनिस फार कंटाळवाणं आहे, हे मला आता कळतंय. कितीतरी दिवस मनात असलेलं मी तिला विचारलं. म्हटलं, त्या दिवशी आप्पा नियमाचं बोलले, म्हणून तू तयार झालीस ना? मला वाटत होतं, मला जे महिनाभर सांगता आलं नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "कुठला नियम?"

मी समजावायला लागलो. शेवटचा सेट, सहा-सहा, दहाचा टायब्रेक...

"ते मला आजपण कळत नाय," वैशाली म्हणाली. "तुम्ही दोघं मॅच बघत होतात. मी आप्पांचा गळा बघत होते. ते खेळणारे मधे मधे खुर्चीवर बसून बाटली तोंडाला लावायचे ना... दर वेळी आप्पा इकडं नुसतंच गिळायचे."